महाराष्ट्राच्या नावाचा संघ महाराष्ट्रात खेळवा : प्रीमियर हँडबॉल लीगला खुले पत्र

प्रति,
प्रीमियर हँडबॉल लीगचे आयोजक,
महाराष्ट्र आयर्नमेन संघाचे चालक
आणि देशातल्या हँडबॉलचा कारभार पाहणारे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

२५ जून २०२३, रविवार. पालख्या आमच्या सोलापूर जिल्ह्यात होत्या, आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती आणि निम्मं गाव रस्त्याकडेला वारकऱ्यांच्या चहापाण्यात गुंतलं होतं. माझ्या घरी बाहेरच्या खोलीत सतरा मुलंमुली दाटीवाटीनं बसली होती. टीव्हीला मोबाइल जोडला होता. जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये तुमच्या लीगच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना सुरू होता. एका बाजूला गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र आयर्नमेन.

मी सव्वीस वर्षं एका तालुक्याच्या गावात क्रीडाशिक्षक आहे. त्यातली एकवीस वर्षं हँडबॉल शिकवतोय. या एकवीस वर्षांत माझ्या मुलांनी हँडबॉल टीव्हीवर पाहिला तो चार वर्षांतून एकदा, ऑलिम्पिकच्या वेळी, तोही मी पहाटे उठवून बसवलं म्हणून. त्यात कधी आपलं कुणी नव्हतं. डेन्मार्क असायचा, फ्रान्स असायचा. त्या रविवारी पहिल्यांदा गुणफलकावर ‘महाराष्ट्र’ हा शब्द होता. आयर्नमेन जिंकले तेव्हा पोरांनी असा कल्ला केला की शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन बघायला आल्या.

कल्ला ओसरल्यावर आमची गोलकीपर, तेव्हा नववीत होती, तिनं विचारलं, “सर, हे आपल्याकडे कधी खेळणार?”

मी म्हणालो, “बघू, पुढच्या वर्षी.” पुढच्या जूनमध्ये तिनं परत विचारलं. माझ्याकडे सांगायला ना तारीख होती, ना गाव. हे पत्र तिच्या त्या प्रश्नासाठी आहे.

आधी तुमचं ऋण मान्य करतो. या खेळाची व्यावसायिक लीग आपल्या देशात होईल असं पंधरा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. करोनामुळे तुमची पहिली तारीख हुकली, तरी तुम्ही सोडून दिलं नाहीत. आयर्नमेन, गोल्डन ईगल्स, राजस्थान पॅट्रियट्स, तेलुगू टॅलन्स, गर्वित गुजरात, दिल्ली पँझर्स असे सहा संघ उभे केलेत. सेनादलात आणि रेल्वेत नोकरी करता करता खेळणाऱ्या पोरांना नाव असलेली जर्सी दिलीत. परदेशी खेळाडू आणलेत. शाळेतल्या मुलांना मोबाइलवर सामने बघता आले. यातलं काहीही सोपं नव्हतं, हे मला कळतं.

पण ते सगळे ३३ सामने जयपूरमध्ये झाले. ८ जूनला सुरुवात, २५ जूनला शेवट. विजेत्या संघाच्या छातीवर महाराष्ट्र होता आणि त्या संघाचा एकही सामना महाराष्ट्राच्या भूमीवर झाला नाही. पहिल्या वर्षी ते चालून गेलं. अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसमही २०२२ मध्ये एकट्या पुण्यात, बालेवाडीत झाला होता. एका छताखाली सगळं केलं की प्रक्षेपणाची यंत्रणा एकदाच उभारायची, मैदान एकदाच अंथरायचं, हॉटेल एकच. नव्या माणसानं संसार मांडताना एका खोलीत मांडावा, यात कमीपणा नाही. माझी विनंती पुढच्या पावलाची आहे. पुढचा मोसम जेव्हा कधी होईल, तेव्हा प्रत्येक संघ आपल्या राज्यात खेळू द्या. माझी मागणी एवढीच आहे. बाकी जे लिहितोय ते तिची कारणं.

हँडबॉल समजायला मैदानाच्या कडेला बसावं लागतं. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, शिकवण्याच्या अनुभवातून म्हणतोय. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. या खेळाची निम्मी गंमत चेंडूपासून लांब चाललेली असते. गोलसमोर सहा मीटरवर आखलेल्या कमानीच्या, म्हणजे डीच्या, कडेला सहा जणांची बचावाची भिंत उभी असते. चेंडू डावीकडे गेला की ती अख्खी भिंत डावीकडे सरकते, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि भिंतीतली दोन माणसं एकमेकांपासून हातभर जरी जास्त लांब झाली, तरी तिथून गोल होतो. त्या भिंतीत पाठ गोलकडे करून समोरच्या संघाचा पिव्होट घुसलेला असतो. त्याच्याकडे चेंडू सामनाभरात मोजक्या वेळा येतो. उरलेला वेळ तो अंगानं जागा अडवतो, बचावपटूला एक पाऊल मागं ठेवतो, आपल्या सवंगड्याला उडी मारायला फट करून देतो. त्याची ही मेहनत पडद्यावर दिसत नाही. माझ्याकडे एक धिप्पाड मुलगा होता. त्याला पिव्होट केलं की तो रुसायचा. “सर, मला काही कामच नसतं,” म्हणायचा. त्याला एक सामना, एकच, कडेला बसून दाखवता आला असता तर माझं वर्षभराचं बोलणं वाचलं असतं.

आणि गोलकीपर. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल. समोरचा नऊ मीटरवरून उडी मारतो, हवेत असतानाच फेकतो, आणि वरच्या दर्जाच्या खेळात तो चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. चेंडू बघून हलायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. फेकणाऱ्याचा खांदा, कोपर, शेवटच्या क्षणी वळलेलं मनगट बघून आधीच ठरवावं लागतं. हे मी माझ्या त्या मुलीला काय शिकवणार? मी एकावन्न वर्षांचा आहे, माझा खांदा आता वर जात नाही. तिला गोलच्या मागे जाळीआड दहा मिनिटं उभं करा. चांगल्या कीपरचे पाय कसे नाचतात ते तिनं डोळ्यांनी बघू दे. तेवढ्यात ती जे उचलेल ते मी तीन वर्षांत देऊ शकणार नाही.

तुम्ही म्हणाल, यायचं होतं जयपूरला. आमच्या गावापासून जयपूर हजार किलोमीटरच्या वर आहे. माझ्या संघात बारा मुलींपैकी सातजणींचे आईवडील रोजंदारीवर जातात. जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायचं तरी एसटीचं भाडं वर्गणी काढून जमवावं लागतं आणि दोन दिवसांचे डबे घरून बांधून घ्यावे लागतात. पुण्यापर्यंत मात्र मी त्यांना नेऊ शकतो. पहाटे निघायचं, सामना बघायचा, रात्री परतायचं.

आमच्या मैदानाचं चित्र सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मातीचं आहे. सकाळी पाणी मारायचं, मग फक्की मारायची. ४० बाय २० मीटरचं मैदान आखायला अर्धी पिशवी चुना लागतो. डीची कमान आखायला खांबाला सुतळी बांधून मुलं गोल फिरतात, वर्तुळाचं गणित त्यांना तिथंच कळतं. गोलपोस्ट गावातल्या वेल्डिंगवाल्यानं जुन्या पाइपांचे करून दिले, पैसे घेतले नाहीत. जाळी मासेमारीची आहे, उजनीच्या काठावरून आणलेली. दोन वर्षं आमच्याकडे फक्त मोठ्या मापाचे चेंडू होते, पुरुषांचे, ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचे. मुलींचा चेंडू ५४ ते ५६ सेंटिमीटरचा असतो. ज्या कार्यालयाकडे मागणी केली होती तिथून जे आले ते घ्यावे लागले. मुलींच्या पंजात ते बसायचे नाहीत, चेंडू निसटायचा, आणि त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष द्यायच्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत योग्य मापाचा चेंडू हाती आला तेव्हा आमच्या डाव्या विंगवरची मुलगी चकित होऊन माझ्याकडे बघत होती. तिला त्या दिवशी कळलं की आपला हात कमी पडत नव्हता.

या मुलांना तुमची लीग दुरून नको आहे.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या बैठकांत ‘महानगरातच प्रेक्षक मिळतो’ असं कुणी म्हणत असेल, तर त्यांना जर्मनीचा नकाशा दाखवा. जगातली सगळ्यात तगडी हँडबॉल लीग म्हणून ज्या बुंडेसलिगाचं नाव घेतात, ती १९६६ पासून चालू आहे. १८ संघ, प्रत्येकाचे ३४ सामने, त्यातले १७ घरच्या मैदानावर. हे संघ कुठले? सर्वाधिक विजेतेपदं कीलची. बाल्टिक समुद्राकाठचं बंदराचं शहर. त्या शहराचा फुटबॉल संघ फुटबॉलच्या बुंडेसलिगात पोचायला २०२४ उजाडावं लागलं, तोवर कितीतरी पिढ्या शहराचा अभिमान हँडबॉलनं सांभाळला. १२ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गुमर्सबाख संघ ज्या गावाचा आहे, त्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. लेम्गो त्याहून लहान. आणि मला सगळ्यात आवडतं ते फ्लेन्सबुर्ग-हांडेविट. फ्लेन्सबुर्ग हे डेन्मार्कच्या सीमेवरचं छोटं शहर आणि हांडेविट हे त्याच्या शेजारचं खेडं. दोघांनी मिळून संघ केला आणि खेड्याचं नाव जर्सीवर राहू दिलं. त्या संघानं २०१४ मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. अंतिम सामन्यात हरवलं कोणाला, तर कीलला. दोन्ही गावं एकाच कोपऱ्यातली, मधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोलंडचं किएल्त्से आणि हंगेरीचं वेस्प्रेम समोरासमोर आले. आपल्यापैकी कितीजणांनी ही नावं ऐकलीत? वेस्प्रेमकडे एका क्षणी नऊ गोलांची आघाडी होती, २८-१९. किएल्त्सेनं ती फेडली, सामना जादा वेळेत गेला, तिथंही बरोबरी, आणि शेवटी सात मीटरच्या फेकींवर, म्हणजे हँडबॉलमधल्या पेनल्टींवर, किएल्त्से जिंकलं. मी हा सामना नंतर मुलांना लॅपटॉपवर दाखवतो, दरवर्षी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. नऊ गोल मागे पडल्यावर काय करायचं असतं, हे सांगायला माझ्याकडे याहून चांगलं साधन नाही.

हँडबॉल हा मध्यम गावांचा खेळ आहे. युरोपात मोठी शहरं फुटबॉलनं व्यापली, तेव्हा हा खेळ बाजूच्या गावांत रुजला आणि त्या गावांनी त्याला जीव लावला. आपल्याकडे मोठ्या शहरांत क्रिकेट आहे. मुंबईत संध्याकाळी माणसाला करमणुकीचे पन्नास पर्याय आहेत, सोलापुरात पाच आहेत, आमच्या तालुक्यात एक. सोलापूर, सांगली, जळगाव, नांदेड, अमरावती इथं देशातले अव्वल खेळाडू येणार म्हटल्यावर काय होईल, याची कल्पना तुम्हाला जयपूरमधून येणार नाही. आमच्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं तेव्हा येऊन बघा. तिकीट नसतं, खुर्ची नसते, तरी माणसं झाडावर चढून बसतात.

अमरावतीचं नाव मुद्दाम घेतलं. तिथलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या मुलांनी तिथं जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आणि हँडबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळला गेला तो त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑलिम्पिकमध्ये. तेव्हा तो गवतावर, अकरा-अकरा जणांचा असायचा. जर्मनीनं अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाला १०-६ असं हरवलं. ज्या शहरात हा खेळ जगापुढं आला, त्या शहरात त्याच उन्हाळ्यात विदर्भातली पोरं होती. त्या अमरावतीत देशाच्या लीगचा एक सामना व्हावा असं मला मनापासून वाटतं.

जागेचं काय, असं तुम्ही विचाराल आणि ते बरोबरच आहे. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. प्रो कबड्डीच्या २०२४ च्या मोसमाचा शेवट तिथंच झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत मी जी बंदिस्त सभागृहं पाहिलीत त्यातली बरीचशी बॅडमिंटनच्या हिशेबानं बांधलेली आहेत. लांबीत हँडबॉलचे ४० मीटर बसत नाहीत. इथं तुमचं वजन कामाला येऊ शकतं. सरकारला सांगा, यापुढं कुठल्याही जिल्ह्यात सभागृह बांधाल तर आतलं मैदान ४० बाय २० धरून बांधा. फुटसालचं मैदान नेमकं तेवढंच असतं. बास्केटबॉलला २८ बाय १५ लागतं, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, कबड्डीला १३ बाय १०, हे सगळं त्यात मावतं. एका क्रीडाशिक्षकानं अर्ज केला तर तो फाइलीत जातो. एका राष्ट्रीय लीगनं मागणी केली तर कुणीतरी वाचेल.

वेळापत्रकाचा हिशेबही मी वहीत मांडून पाहिलाय. सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे साखळीचे ३० सामने. शनिवारी तीन, रविवारी तीन असे दर आठवड्याला एका शहरात सहा सामने ठेवले तर पाच आठवड्यांत पाच शहरांत साखळी संपते. सहाव्या आठवड्यात सहाव्या शहरात शनिवारी दोन उपांत्य आणि रविवारी अंतिम सामना. झाले ३३. सहा संघ, सहा शहरं, सहा मुक्काम. दर वर्षी अंतिम सामन्याचं शहर बदलायचं. खेळाडूंना मधले पाच दिवस विश्रांती. तेही गरजेचं आहे. अठरा दिवसांत एका संघानं किमान १० सामने खेळायचे, साठ-साठ मिनिटांचे, अंगाला अंग भिडवून, हे शरीराला फार होतं. मुख्य बचावपटूंचे खांदे आणि विंगवाल्यांचे गुडघे त्यात पहिल्यांदा जातात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत यजमान संघानं आपल्या राज्यातल्या दोन गावांत जाऊन सराव करावा, लोकांसमोर. तिकीट लावू नका. गाव जेवण देईल, हे मी लिहून देतो.

यानं प्रवासाचा, हॉटेलांचा, मैदान अंथरायचा आणि उचलायचा खर्च वाढेल. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, मी धंदा केलेला नाही. पण कबड्डीकडे बघा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तीच मुळी शहराशहरांतून फिरत. यू मुंबा वरळीत खेळायची. त्या वर्षी अंतिम सामनाही मुंबईतच झाला आणि मुंबईचा संघ जयपूरकडून हरला, तरी त्या रात्रीबद्दल आजही माणसं बोलतात. आपल्या गावात हरलेला संघसुद्धा आपला असतो. करोनाच्या काळात कबड्डी एका छताखाली गेली, पण दिवस पालटल्यावर २०२३-२४ च्या मोसमात परत बारा शहरांत फिरली. त्यांना कशासाठी परत फिरावंसं वाटलं, हे त्यांच्याकडून जाणून घ्या.

जूनबद्दल थोडं. युरोपातले मोसम जूनमध्ये संपतात, त्यामुळे परदेशी खेळाडू त्याच सुमारास मोकळे होतात, हे मी समजू शकतो. पण आमच्याकडे जून म्हणजे पेरणी, शाळेचे प्रवेश, वह्यापुस्तकांचा खर्च. दिवाळीच्या सुट्टीत किंवा त्यानंतरच्या थंडीत खेळलात तर सहलीच्या पैशात शाळा मुलांना घेऊन येतील. एखाददुसरा परदेशी खेळाडू कमी आला तरी चालेल.

आता मुली. यावर मी जास्त बोलणार आहे आणि तुम्ही ऐकून घ्यावं अशी विनंती आहे. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानात अल्माटी इथं आशियाई कनिष्ठ महिला हँडबॉल स्पर्धा झाली आणि ती भारताच्या मुलींनी जिंकली. पहिल्यांदाच. शेवटच्या सामन्यात थायलंडला ४१-१८ असं हरवलं. त्या सोमवारी मी शाळेच्या फळ्यावर तो गुणफलक लिहिला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आशियाई महिला स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली. जपान, कोरिया, कझाकस्तान, इराण, चीन सगळे आले. आपल्या मुलींना पहिल्या चारांत जागा मिळाली नाही, जागतिक स्पर्धेची संधी गेली. मी त्यांना दोष देत नाही. समोरच्या संघांतल्या मुली वर्षभर क्लबकडून खेळतात. आपल्या मुली शिबिराला बोलावणं आलं की एकत्र येतात आणि शिबिर संपलं की पांगतात. अल्माटीत कनिष्ठ गटात आशियात पहिल्या आलेल्या मुलींना पुढची चार वर्षं आठवड्याला एक चुरशीचा सामना मिळाला असता तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीही करत असाल.

माझ्या मैदानावर आज एकेचाळीस मुलं येतात, त्यात तेवीस मुली आहेत. त्या रविवारी माझ्या घरातला कल्ला सगळ्यात मोठा मुलींचाच होता. त्या संघात त्यांच्यातल्या कुणाला कधीच जागा मिळणार नाही, हे माहीत असून त्या ओरडत होत्या. महिलांची स्वतंत्र लीग उभी करायला वेळ लागेल, कबूल. तोवर प्रत्येक शहरात शनिवारी आणि रविवारी पुरुषांच्या सामन्याआधी महिलांचा एक सामना ठेवा. मैदान तेच, दिवे तेच, कॅमेरे तेच, पंचही तेच. त्या राज्याच्या मुली त्या राज्याच्या जर्सीत. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर हे एकदा घडलं की दहावीनंतर ‘आता खेळ बास’ म्हणणाऱ्या घरांत माझं बोलणं थोडं सोपं होईल. दरवर्षी दहावीनंतर माझ्या तीन-चार चांगल्या मुली जातात. त्यांच्या घरच्यांना मी काय दाखवू? क्रीडा गुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, एवढंच सांगतो. ते खरं आहे, पण ते ऐकून कुणाचे डोळे चमकत नाहीत.

कारभार पाहणाऱ्यांसाठी थोडंच लिहितो, कारण या विषयानं माझा जीव उबतो. देशातल्या हँडबॉलवर हक्क कुणाचा, यावर मधल्या काळात दोन गट भांडले. मोठ्यांच्या भांडणात काय होतं ते खाली आम्ही पाहतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं राज्याबाहेरच्या एका स्पर्धेत पदक मिळवलं होतं. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडलं तेव्हा ते देणारी संघटना मान्यताप्राप्त नाही असं उत्तर आलं. पोरानं त्या स्पर्धेसाठी खांद्याला पट्टी बांधून खेळलं होतं. आता तो एका गोदामात हमाली करतो आणि संध्याकाळी माझ्याबरोबर लहान मुलांना शिकवतो. तक्रार करत नाही. स्पर्धेआधी आमच्यासारख्या शाळांना एका कागदावर स्पष्ट सांगा, कोणती स्पर्धा धरली जाईल आणि कोणती नाही.

लीग आमच्याकडे आली तर आम्ही फक्त टाळ्या वाजवायला येणार नाही. प्रत्येक सामन्याला दोन पंच लागतात, टेबलावर वेळ पाहणारा आणि गुण लिहिणारा लागतो. आमच्या जिल्ह्यांतले क्रीडाशिक्षक हे काम वर्षानुवर्षं करतात, पण घड्याळ मोबाइलचं आणि गुणफलक पाटीचा. दोन मिनिटांच्या शिक्षेवर बाहेर बसलेला खेळाडू कधी आत येणार, हे तोंडानं ओरडून सांगावं लागतं. तुमच्या टेबलामागे आम्हाला उभं करा, आम्ही शिकू आणि परत जाऊन शिकवू. घाम पुसायला, चेंडू आणून द्यायला शाळेची मुलं घ्या. हँडबॉलमध्ये घसरलेल्या खेळाडूच्या घामाचा डाग लगेच पुसावा लागतो, नाहीतर पुढचा त्यावरून पडतो. ते काम करणारं पोरगं मैदानाच्या सगळ्यात जवळ असतं. माझ्याकडे त्या कामासाठी भांडतील अशी एकेचाळीस मुलं आहेत.

सामन्याच्या दिवशी सकाळी तासभर तुमचे दोन खेळाडू मुलांना द्या. एक पिव्होट आणि एक गोलकीपर. गोल मारणारे नकोत, त्यांना सगळेच बघतात. आणि गोलच्या मागची पहिली रांग शाळांच्या संघांसाठी ठेवा, जाहिरातदारांच्या पाहुण्यांसाठी नको.

ती गोलकीपर आता अकरावीत आहे. घरच्यांनी विज्ञान शाखा घ्यायला लावली, तरी सकाळी साडेपाचला ती मैदानावर असते, मी पोचायच्या आधी. फक्की तीच मारते. तिच्या मागच्या दोन वर्षांतल्या तीन मैत्रिणी खेळ सोडून गेल्या. मी तिला विचारलं नाही की ती किती दिवस येणार आहे.

तुम्ही पुण्याची तारीख कळवा. आमच्या गावातून पहाटे चारला पुण्याची एसटी आहे. साडेतीनला मी सगळ्यांना स्टँडवर उभं करतो.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
जिल्हा सोलापूर